तुम्ही विचारलंत म्हणून: लॉख कॅट्रिनची प्रदक्षिणा

सायकल चालवणाऱ्या कुणाचंही स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला यायचं ठरलं की मला एक प्रश्न हमखास येतो. नकाशात ते लांबट निळं तळं दिसतं, त्याच्याभोवती बोट फिरवलं जातं आणि विचारणा होते, “लॉख कॅट्रिनला पूर्ण फेरी मारता येते का हो? खडीच्या रस्त्याने?”

काठाकाठाने नाही येत. तळं साधारण 13 किलोमीटर लांब. उत्तरेच्या काठाला पूर्व टोकाच्या ट्रॉसॅक्स पिअर या धक्क्यापासून पश्चिमेकडच्या स्ट्रोनाखलाखरपर्यंत सुमारे 21 किलोमीटरचा सलग रस्ता आहे. दक्षिणेला मात्र बेन व्हेन्यूचा डोंगर जवळजवळ पाण्यातच पाय सोडून बसलाय. तिथून सायकल काढायचा हट्ट धरलात तर ती खांद्यावर घेऊन खडकांतून चालावं लागेल. तो नाद सोडा.

(उच्चाराचं एक सांगते. ‘लॉक’ नव्हे, ‘लॉख’, म्हणजे तळं. हा ‘ख’ घशातून घासून येतो, आणि इथल्या कित्येक इंग्रजांपेक्षा मराठी जिभेला तो पटकन जमतो.)

मला दर वेळी शंकराचं देऊळ आठवतं. तिथे आपण सोमसूत्र ओलांडत नाही, पन्हळीपर्यंत जाऊन मागे फिरतो. कॅट्रिनची पन्हळ दक्षिण काठावर आहे. रॉयल कॉटेजपाशी तळ्याचं पाणी बोगद्यात शिरतं आणि ग्लासगोच्या नळाला येतं. 1832 मध्ये आणि पुन्हा 1848-49 मध्ये कॉलऱ्याने या शहरात थैमान घातलं, त्यानंतर ही योजना उभी राहिली. जॉन फ्रेडरिक बेटमन या अभियंत्याने 40 किलोमीटरहून लांब जलवाहिनी डोंगर पोखरून, ओढ्यांवर पूल बांधून आणली. पंप कुठेच नाही, सगळी उताराची करामत. 14 ऑक्टोबर 1859 रोजी व्हिक्टोरिया राणीने तिचं उद्घाटन केलं. मी रोज सकाळी चहाचं आधण ठेवते ते याच पाण्याचं. म्हणून या तळ्याबद्दल कुणी विचारलं की मी जरा जास्तच बोलते.

तर फेरी घालायचीच असेल तर ती मोठी घाला. सुरुवात काठावरून न करता ॲबरफॉइलहून करा. हायलँडची, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाची, सीमा मानली जाणारी भूगर्भातली भेग या गावातूनच जाते. गाव ओलांडून वर चढलात की तुम्ही खऱ्या अर्थाने हायलँडात आलात. आसपासच्या खडीवाटांचं जाळं एवढं मोठं आहे की या परिसराला आता ‘ग्रॅव्हलफॉइल’ (ग्रॅव्हल म्हणजे खडी) असं नावच पडलंय.

ॲबरफॉइलहून पश्चिमेला लॉख आर्डच्या जंगलात शिरा. हे रस्ते लाकूड वाहणाऱ्या ट्रकांसाठी बांधलेले आहेत, त्यामुळे पाया भक्कम आणि पाण्याचा निचरा चांगला. दोन चाकोऱ्या दाबून बसलेल्या असतात, मधे गवताचा पट्टा, आणि वळणावर मात्र सुटी खडी. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नको. लाकूडतोड चालू असल्याची पाटी दिसली तर मुकाट्याने दुसरी वाट धरा. 2003 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक जमिनीवर सायकल नेण्याचा हक्क दिलाय, पण तो जबाबदारीने वापरण्याच्या अटीवर. फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढे जायचं.

या जंगलात झाडांमधून अचानक दगडी बुरुजासारखं काहीतरी उभं दिसतं. पहिल्यांदा मला ते पडक्या किल्ल्याचे अवशेष वाटले होते. ते जलवाहिनीचे झरोके आहेत. तुमच्या चाकांखालून ग्लासगोचं पाणी वाहत असतं आणि हे दगडी मनोरे त्याचा माग दाखवत राहतात. मला या फेरीतला सर्वांत आवडता टप्पा हाच. लोक तळं बघायला येतात आणि हा भाग मोटारीतून झटक्यात पार करतात, याची हळहळ वाटते.

किनलॉखार्डनंतर लॉख खॉनच्या कडेने जुनी वाट स्ट्रोनाखलाखरकडे जाते. इथेच एकदा माझं मागचं टायर कापलं गेलं. पाटीच्या दगडासारखी पातळ, धारदार कपची होती. फुस्स आवाज आला आणि टायरच्या कडेतून सीलंटचा, म्हणजे भोक बुजवणाऱ्या आतल्या द्रवाचा, पांढरा फेस बुडबुडत बाहेर यायला लागला. उतरले, चाक फिरवून भोक खाली आणलं, म्हणजे आतलं सीलंट तिथे साचतं. अर्धा मिनिट फेस येत राहिला, मग थांबला, मग पुन्हा सुरू झाला. शेवटी रबरी प्लग खुपसला, हवा भरली आणि तो घरी येईपर्यंत टिकला. म्हणून सांगते, टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेलं) असलं तरी प्लग, पंप आणि एक ट्यूब जवळ हवीच. टायर 40 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद घ्या. माझं 42 चं आहे, त्यात मी पुढे 29 आणि मागे 32 पीएसआय हवा ठेवते. तुमचं वजन जास्त असेल तर थोडी वाढवा.

स्ट्रोनाखलाखरला धक्क्यावर बसून काहीतरी खाऊन घ्या. पुढचा उत्तरेचा रस्ता डांबरी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर खडीच्या आशेने आलेले हिरमुसतात. पण सर्वसामान्य मोटारींना तो बंद आहे. पाणीपुरवठ्याची किंवा तिथे राहणाऱ्यांची एखादी गाडी, बाकी मेंढ्या. चढ छोटे पण खडे आहेत. गुरं ओलांडू नयेत म्हणून रस्त्यात बसवलेल्या कॅटल ग्रिडच्या लोखंडी नळ्या पावसात निसरड्या होतात, त्या सरळ ओलांडा, वळत वळत नको. वाटेत ग्लेन गाइल लागतं, स्कॉटलंडचा दंतकथा बनलेला बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर याचा जन्म तिथला, 1671 चा. थोडं पुढे पाण्यात शिरलेल्या दगडी चौथऱ्यावर मॅकग्रेगर घराण्याची दफनभूमी आहे. शहरासाठी तळ्याची पातळी वाढवली तेव्हा पाणी थेट थडग्यांपर्यंत आलं होतं. तिथे मी नेहमी थांबते.

दिशेचं विचाराल तर मी सांगितलेलीच धरा. इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. जाताना तो समोरून असतो, पण जंगल आडोसा देतं. उघड्या काठावर आलात की तोच पाठीशी लागतो. शिवाय तळं सबंध वेळ उजव्या हाताला राहतं, प्रदक्षिणेत असावं तसं.

ट्रॉसॅक्स पिअरहून ॲबरफॉइलला परतायला ड्यूक्स पासचा घाट आहे. दमला असाल तर सरळ तोच घ्या. मोटारी कमी हव्या असतील तर लॉख ड्रंकीच्या बाजूने जंगलातून चढा, लांब पडतं पण शांत आहे. रस्त्याने सगळी फेरी 50 किलोमीटरच्या आसपास होते, खडीच्या वाटा धरल्या की वाढते.

जून ते ऑगस्टमध्ये मिज नावाची चिलटं छळतात. वारा असला की ती उडत नाहीत, म्हणून पंक्चर काढायची वेळ आलीच तर झाडीतून बाहेर, उघड्यावर या.

आणि हाताशी अर्धाच दिवस असेल, किंवा बरोबर मुलं असतील, तर सोमसूत्री प्रदक्षिणा करा. ट्रॉसॅक्स पिअरहून सायकल बोटीवर चढवा, सायकलसाठी जागा आहे का हे मात्र आधी विचारून घ्या. स्ट्रोनाखलाखरला उतरा आणि वारा पाठीशी घेऊन उत्तर काठाने परत या. सर वॉल्टर स्कॉट ही 1900 पासूनची वाफेची बोट मिळाली तर तीच पकडा, आणि इंजिन दिसेल अशा जागी उभे राहा.