पंचवीस हजारात झाला म्हणे तुझा

तुम्ही नणंदेसाठी वकिलाचं विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, कारण या वर्षातली ही सातवी का आठवी वेळ आहे. "तुझा डिव्होर्स २५ हजारात झाला ना, वकिलाचा नंबर दे की." कधी मैत्रिणीच्या नणंदेसाठी, कधी "ऑफिसातल्या एकीला हवाय", आणि ती एकी बऱ्याचदा समोरच बसलेली असते. २५ हजार हा आकडा कुणी पसरवला माहीत नाही. बहुतेक मीच, सांगायला बरा वाटायचा.

तर २५ हजार ही दुसऱ्या वकीलबाईंची फी. म्युच्युअलची, म्हणजे दोघांच्या संमतीने होणाऱ्या घटस्फोटाची, एकरकमी, अर्धी आधी आणि अर्धी ऑर्डर हातात आल्यावर. त्याआधी पहिले वकील होते, त्यांचं कुणी विचारत नाही. केस दाखल करायला ४० हजार, मग दर तारखेला २ हजार, काही झालं तरी आणि नाही झालं तरी. अशा १९ तारखा. समोरून अर्ज यायचे, त्यांची उत्तरं लिहायचे १५ हजार वेगळे. बेरीज ९३ हजार. ती मी केली, बाबांनी नाही. बाबांनी फक्त वहीत लिहिलं. पोस्टात जन्म गेला त्यांचा, रिक्षा ८०, झेरॉक्स १४, सगळं तारखेनिशी.

त्या वहीत पहिल्याच पानावर 'कोर्ट फी व किरकोळ' अशी ओळ आहे, वकिलांनी दिलेल्या कागदावरून जशीच्या तशी उतरवलेली. महाराष्ट्रात बाईला घटस्फोटाच्या केसमध्ये कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे, हे मला दुसऱ्या बाईंनी सांगितलं. हसून सांगितलं, मला हसू आलं नाही.

आता चौदावी तारीख. जून, धो धो पाऊस, शिवाजीनगरला पोचेपर्यंत बाबांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. पुकारा झाला तर नवऱ्याचे वकील नाहीत, ज्युनियर उभा. आमचेही नाहीत, आमचीही ज्युनियरच, नवी मुलगी बिचारी. दोघांनी मिळून दोन मिनिटांत पुढची तारीख घेतली. बाहेर बाकावर ती मुलगी घुटमळत म्हणाली, "काका, सर म्हणाले आजचे..." बाबा म्हणाले हो हो, बरोबर आहे. पिशवीतून पाकीट काढलं, छत्रीच्या ओल्या कापडाला अंगठा लावून चार नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या, तिला दिल्या. पावती मागा म्हणून मी रिक्षात बजावलं होतं, नाही मागितली. मग वही काढून लिहिलं: वकील २०००. काम: काही नाही.

ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि ओरडले. वकिलावर नाही, बाबांवर. "परवडत नसेल तर सरळ सांगा ना, हे असलं लिहून कुणाला दाखवताय?" पेन्शनचे पैसे होते ते. आजूबाजूचे सगळे बघायला लागले. बाबांनी वही बंद केली, पिशवीत ठेवली आणि म्हणाले, चहा घेऊ.

चहाच्या आधी झेरॉक्सवाल्याकडे गेले तर तिथे तो उभा, फाईल शर्टाच्या आत धरून. दीड वर्षात वकिलांशिवाय पहिलं वाक्य बोलला, "तुझे किती घेतात?" म्हटलं दोन. तो म्हणाला, माझे साडेतीन. त्यात प्रेमबिम काही नव्हतं, दोघं सारखेच वैतागलेलो. आणि लगेच मिटलंही नाही, त्यानंतर आणखी पाच तारखा झाल्या.

भांडण होतं वाकडच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटचं. माझे ४ लाख १० हजार त्यात गेलेले. पहिल्याच महिन्यात कोर्टातल्या समुपदेशक बाईंसमोर तो दीड लाख देतो म्हणाला होता, मी नाही म्हटलं. शेवटी घेतले किती? दीडच. हे कुठल्या खात्यात धरायचं सांगा.

तेव्हाची मी म्हणते की हक्काचे पैसे होते, का सोडायचे. आत्ताची मी तिला वही दाखवते. मग ती म्हणते, पहिल्याच महिन्यात घेतले असतेस तर जन्मभर कुढली असतीस. असेलही. अजून ठरत नाही.

आणि हो, मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मिळतो, १९८७ च्या कायद्यात आहे, त्यात बाईचं उत्पन्न बघत नाहीत. मला माहीत होतं. गेले नाही, कारण फुकटचा वकील कसला असणार, आणि लोक काय म्हणतील. चाळीस हजारवाला कसला निघाला ते वर लिहिलंच आहे.

म्युच्युअल पटकन कसा झाला तर वेगळं राहून दीड वर्षाच्या वर झालं होतं, देण्याघेण्याचं सगळं कागदावर आलं होतं, म्हणून सहा महिने थांबायची अट कोर्टाने माफ केली. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालामुळे तसं करता येतं, पण ते कोर्टाच्या मर्जीवर, हक्क नाही. तुमच्या नणंदेला वेगळं राहून चारच महिने झालेत म्हणालात ना? मग म्युच्युअलचा अर्जसुद्धा आत्ता होत नाही, वर्ष भरावं लागतं. तोवर तारखेवारी पैसे घेणाऱ्याकडे जाऊ नका एवढंच म्हणेन, टप्प्याने ठरवा आणि लिहून घ्या.

बाईंचा नंबर पाठवते. सहानंतर करा, दिवसा त्या कोर्टात असतात. आणि २५ हजार म्हणू नका, त्यांनी आता वाढवलेत.