पाडव्याच्या आदल्या दिवशीचे चार तास

न्यू जर्सीतील एका इमिग्रेशन वकिलांच्या कार्यालयात मी पॅरालीगल आहे. अर्ज भरणे, पुरावे जोडणे, अशिलांना तारखा कळवणे हे माझे रोजचे काम असून त्यात छातीत धडकी भरावी असे प्रसंग थोडेच येतात. त्यांपैकी एका दिवाळीचा प्रसंग माझ्या मनातून आजही जात नाही.

आमचे अशील एडिसनला राहणारे, अमेरिकन नागरिकत्व घेतलेले एक मराठी तरुण होते. त्यांची पत्नी इंग्लंडमधील लेस्टरमध्ये वाढलेली आणि ब्रिटिश नागरिक, तेथेच एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. पत्नीला कायमचे अमेरिकेत आणण्यासाठी पतीने केलेला आय-१३० अर्ज मंजूर होऊन प्रकरण पुढील कागदपत्रांसाठी न्यू हॅम्पशरमधील नॅशनल व्हिसा सेंटर या सरकारी कार्यालयाकडे गेले होते, पण लंडनच्या दूतावासातील मुलाखतीला अजून बरेच महिने होते. लग्नानंतरचा पहिला पाडवा तरी एकत्र साजरा व्हावा, एवढीच दोघांची इच्छा होती.

ब्रिटिश नागरिकाला ९० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही. एस्टा ही ऑनलाइन मिळणारी प्रवासपरवानगी पुरते. कायम वास्तव्याचा अर्ज चालू असताना एस्टावर येणे बेकायदा नाही. मात्र ही परवानगी माणसाला फक्त विमानात बसवते. आत सोडायचे की नाही, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ज्याने कायमचे येण्यासाठी अर्ज केला आहे तो या खेपेला नक्की परत जाईल, हे त्याला पटावे लागते. न पटल्यास आश्रयाचा दावा सोडून न्यायाधीशापुढे दाद मागता येत नाही, कारण व्हिसामाफीवर येणाऱ्याने तो हक्क आधीच सोडलेला असतो. शिवाय एकदा परत पाठवले, की पुढे एस्टा मिळत नाही. म्हणून मी तिला फोनवर तासभर समजावले होते, की नोकरीचे पत्र, घराचा भाडेकरार आणि परतीचे तिकीट हाताशी ठेवा, विचारल्यास लग्नाचे आणि अर्जाचे सरळ सांगा, आणि पदव्यांची मूळ प्रमाणपत्रे मुळीच आणू नका.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्या पतीचा फोन आला. "ताई, विमान उतरून दोन तास झाले, ती बाहेर आलेली नाही. मेसेजही पोहोचत नाहीत." तिला पुढील चौकशीसाठी आतल्या खोलीत नेले असणार, हे मी ओळखले. प्रवेशाच्या त्या चौकशीत प्रवाशासोबत वकिलाला बसण्याचा हक्क नसतो. आमच्या वकिलांनी विमानतळावर फोन केला, तेव्हा माहिती देता येणार नाही, एवढेच उत्तर मिळाले. मी तिची फाइल उघडून पुन्हा पुन्हा चाळत राहिले. दुसरे काहीच माझ्या हातात नव्हते.

आणखी दोन तासांनी ती बाहेर आली. आत काय घडले, ते तिने रात्री फोनवर सांगितले. अधिकाऱ्याने बॅग उघडली, तेव्हा करंज्यांच्या डब्याखाली तिच्या पदव्यांची सगळी मूळ प्रमाणपत्रे निघाली. जावयाकडे सुरक्षित राहतील म्हणून तिच्या आईने ती मायेने, तिला न सांगता ठेवली होती. अधिकाऱ्याने एकेक कागद टेबलावर मांडला आणि विचारले, "तुम्ही राहायला आला आहात ना?" घाबरलेला माणूस अशा वेळी काहीतरी सबब शोधतो. तिने मात्र उत्तर दिले, "राहायला येणार आहे, पण व्हिसा मिळाल्यावर. आज नाही." मग तिने दुकानाचे ड्यूटीपत्रक पुढे केले. पुढच्या मंगळवारी सकाळच्या पाळीला एकट्या तिचेच नाव होते. तुम्ही गेला नाहीत तर काय होईल, या प्रश्नावर ती म्हणाली, "फार्मासिस्ट नसेल, तर चिठ्ठीवरची औषधे कोणालाही देता येत नाहीत." अधिकारी ते पत्रक बराच वेळ वाचत राहिला आणि मग त्याने प्रमाणपत्रे स्वतःच नीट रचून तिच्या हातात दिली. इतक्या तरुण मुलीने एकटीने तिथे दाखवलेल्या धीराचे मला आजही फार कौतुक वाटते.

दुसऱ्या दिवशी तिने पतीला ओवाळले आणि सोमवारी परतीचे विमान गाठले. त्या प्रवासाचा बोर्डिंग पास तिने मला पाठवला, तो मी फाइलला लावला. प्रमाणपत्रे तिच्यासोबतच लेस्टरला परत गेली. आता एस्टावर येणाऱ्या प्रत्येक अशिलाला मी निघण्याच्या आदल्या रात्री फोन करते आणि कागदपत्रांविषयी बोलण्याआधी, बॅग कोणी भरली, हे विचारते.