आमची वाटचाल : कुत्र्यांच्या वाढदिवसाचा घरगुती केक

केकची ऑर्डर माणूस देतो आणि खातो कुत्रा. माणसाला तो उंच, रंगीत, क्रीमने लपेटलेला हवा असतो. कुत्रा वासावर जातो, रंगाशी त्याला फारसं देणंघेणं नाही. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातून आमचं घरगुती युनिट चालतं. गावात असा केक कोणी विकत घेत नाही, ऑर्डरी तालुक्याच्या आणि नागपूरच्या. अर्ध्या किलोच्या केकपासून सुरू झालेलं काम आता दीडशे ग्रॅमवर आलं आहे. केक लहान, कोरडा आणि साधा होत गेला, तो का, ते इथे.

सहा इंची डब्याचं माप असं : ज्वारीचं पीठ ६० ग्रॅम, कणीक ६० ग्रॅम, वाफवून कुस्करलेलं रताळं किंवा लाल कोहळं १५० ग्रॅम, दोन अंडी, दही ६० ग्रॅम, शेंगदाण्याचं बटर ४० ग्रॅम, तेल दोन चमचे, बेकिंग पावडर अर्धा चमचा. साखर, गूळ, मीठ काही नाही. ज्वारीत पीठ बांधून ठेवणारं ग्लुटेन नसतं, म्हणून नुसत्या ज्वारीचा केक सुरी लावताच भुगा होतो. नुसत्या कणकेचा रताळ्याच्या ओलाव्याने मधे गिच्च राहतो. मिश्रण दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, नाहीतर ज्वारी दाताखाली कचकचते. बेकिंग पावडर त्यानंतर, डबा ओव्हनमध्ये जायच्या आधी. १७० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. फुगावा म्हणून बेकिंग पावडर वाढवली की केक कडू होतो, आणि कुत्रा तो हुंगून सोडून देतो.

अंडं न चालणाऱ्या घरांसाठी जवस. एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा भाजल्या जवसाची पूड तशाच तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवायची. केक थोडा चपटा होतो, भाजायला पाच-सात मिनिटं जास्त लागतात. चव चांगली, पण जवस जास्त झाला की पोट सैल होतं.

लोडशेडिंगचं काय? ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आमच्या इन्व्हर्टरवर ओढत नाही, आणि अर्धवट भाजलेला केक बसला की पुन्हा उठत नाही. त्यामुळे भाजणी पहाटे. अडलंच तर जाड बुडाचं पातेलं, तळाशी मीठ, वर जाळी, घट्ट झाकण. दहा मिनिटं तापवून मंद आचेवर पाऊण तास.

सगळ्यात जास्त वेळ शेंगदाण्यात जातो, आणि तो वाचवायचा नाही. दाणे ओले राहिले की बुरशी धरते, तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष कुत्र्याच्या यकृतावर जातं आणि ओव्हनच्या आचेने ते नष्ट होत नाही. म्हणून आम्ही फोडलेले दाणे न घेता शेंगा घेतो. घरी फोडून सुरकुतलेले, काळपट, खवट वासाचे दाणे बाजूला काढतो. भाजल्यावर सालं पाखडतो आणि दोन्ही दलं उघडून बघतो. बाहेरून ठीक दिसणाऱ्या दाण्याच्या पोटातही कधी राखाडी बुरशी असते. बाजारचं ‘शुगर फ्री’ पीनट बटर आमच्याकडे बंद आहे, कारण काहींत साखरेऐवजी झायलिटॉल हा गोडवा देणारा पदार्थ असतो. त्याने कुत्र्याची रक्तातली साखर झपकन खाली येते. चॉकलेट, मनुका-बेदाणे, कांदा-लसूण, जायफळ हेही नाही, ग्राहकाने कितीही गळ घातली तरी. चॉकलेटी रंग हवा असेल तर भाजल्या जवसाची पूड पुरते.

आयसिंगसाठी सुरुवातीला चक्काच होता. विदर्भातल्या उन्हाळ्यात तो वाटेतच आंबतो, ओघळतो. आता रताळं दोन भाग, चक्का एक भाग. रताळं पाण्यात उकडलं तर आयसिंगला नंतर पाणी सुटतं. वाफवून गरम असतानाच चाळणीतून दाबायचं, म्हणजे दोरेही निघतात. गुलाबीसाठी बीट छान, पण दुसऱ्या दिवशी शी लाल दिसते आणि ग्राहकाचा घाबरून फोन येतो. आम्ही आता ते आधीच सांगतो, किंवा हळदीवर भागवतो.

आकार लहान झाला तो हिशेबामुळे. वरचं खाणं दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावं, असं पशुवैद्य सांगतात. आमच्या शंभर ग्रॅम केकमध्ये साधारण २१० कॅलरी भरतात. म्हणजे ३० किलोच्या लॅब्राडॉरला एका दिवसात ६० ग्रॅम, दहा किलोच्या कुत्र्याला ३० ग्रॅमच्या आसपास. अर्धा किलोचा केक एका बैठकीत गेला तर रात्री उलट्या ठरलेल्या. दीडशे ग्रॅमचा केक तुकडे करून फ्रीजमध्ये तीन दिवस चालतो.

एसटीच्या धक्क्यांत थरांचा केक सरकतो, त्यामुळे केक वेगळा आणि आयसिंग कोनात (शंकूसारख्या पिशवीत) भरून गोठवून वेगळं पाठवतो. लावायचं काम ग्राहकाचं. डब्यावर घटक, वजन, तारीख आणि कुत्र्याच्या वजनाप्रमाणे किती ग्रॅम द्यायचे ते छापतो. मेणबत्ती, टूथपिक, कागदी टॉपर काहीच देत नाही, कारण कुत्रा तेही गिळतो. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘अन्न’ म्हणजे माणसाचं, पशुखाद्य त्यात मोडत नाही. म्हणून डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक शोधू नये. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी आहे, ती ऑनलाइन आणि फुकट होते.

मे महिन्यात केकची ऑर्डर घेत नाही. तेव्हा फक्त बिस्किटं : तीच पिठं, कोहळं आणि अंडं घेऊन, दही आणि बेकिंग पावडर मात्र वगळून, पाव इंच लाटलेली, १५० अंशांवर ४० मिनिटं, मग ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायची. मोडताना कट्ट आवाज आला पाहिजे. वाकलं तर आत ओल आहे, पुन्हा वाळवायचं.