लिनक्सवर मित्रांबरोबर कोणता शूटर खेळू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. उबुंटू किंवा मिंट ही लिनक्सची रूपं नव्याने टाकलेलं कुणीतरी हे विचारतंच: "मित्रांबरोबर खेळण्यासारखा फुकट शूटर आहे का? आणि त्यांच्याकडे विंडोज आहे हं!" माझं उत्तर ठरलेलं आहे: झोनोटिक.

व्हॅलोरंट या गाजलेल्या शूटरची आशा आधी सोडून द्या. त्याची चीटिंग पकडणारी व्हॅनगार्ड थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, जाऊन बसते, त्यामुळे लिनक्सवर तो चालतच नाही. एपेक्स लेजंड्स हा गेम प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) छान चालायचा; 2024 मध्ये कंपनीने लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. आज चालणारा गेम उद्या चालेल की नाही हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवायचं, हे मला खटकतं.

झोनोटिकचा जन्मच अशा खटक्यातून झाला. 2005 पासून नेक्झुइझ नावाचा एक मुक्त शूटर होता. 2010 मध्ये ते नाव एका कंपनीला कन्सोलवरच्या गेमसाठी देण्यात आलं. बनवणाऱ्यांपैकी बरेच जण भडकले, पण कोड जीपीएल परवान्याखाली होता, म्हणजे तो कुणीही घेऊन बदलू आणि वाटू शकत होतं. तो घेऊन त्यांनी नव्या नावाने वेगळी चूल मांडली. ते जुनं नाव लावलेला विकाऊ गेम 2012 मध्ये आला आणि त्याच डिसेंबरात त्याची प्रकाशक टीएचक्यू दिवाळखोरीत गेली. झोनोटिक अजून सुरू आहे. त्याचं इंजिन डार्कप्लेसेस, म्हणजे मुळात 1996 च्या क्वेकचा कोड, जो आयडी सॉफ्टवेअरने 1999 मध्ये खुला केला होता.

बसवण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. गिगाबाइटभराची एकच झिप असते, तिच्यात लिनक्स, विंडोज आणि मॅक तिघांच्या फाइली. उलगडा, लिनक्सची स्क्रिप्ट चालवा, नाव टाका, खेळा. अकाउंट नाही, ओटीपी नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही इफेक्ट्स खाली आणले की चालतो.

खरी अडचण पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळाची. गजबजलेले सर्व्हर बहुतेक युरोप-अमेरिकेत. पुण्यातून युरोपात गोळी पोचून उत्तर यायला शंभराहून जास्त मिलिसेकंद जातात, आणि हा गेम भयंकर वेगवान आहे. तिथे खेळायचंच असेल तर व्होर्टेक्स ही बंदूक किंवा मशिनगन धरा. अशा क्षणात लागणाऱ्या शस्त्रांसाठी सर्व्हर तुमचा उशीर हिशेबात धरतो. तुम्ही ट्रिगर दाबलात तेव्हा तुम्हाला समोरचा जिथे दिसत होता, तिथेच नेम मोजला जातो. डेव्हास्टेटर या रॉकेट लाँचरच्या रॉकेटला ही सवलत नाही. रॉकेट पोचेपर्यंत माणूस पसार झालेला असतो.

म्हणून माझा सल्ला: परक्या सर्व्हरच्या नादी लागूच नका. चार जण एका वायफायवर बसा. एकाने मल्टिप्लेअरमध्ये जाऊन स्वतःच गेम सुरू करायचा, बाकीच्यांना तो यादीत दिसतो. नाहीच दिसला तर गेममधलाच कन्सोल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून कनेक्ट आणि त्या मशीनचा आयपी पत्ता टाइप करायचा. तरीही जमत नसेल तर फायरवॉलमध्ये यूडीपीचा 26000 पोर्ट उघडा. दोष बहुधा तिथेच सापडतो. माणसं कमी पडली तर बॉट, म्हणजे संगणकच चालवतो ते खेळाडू, भरा. इंटरनेट गेलं तरी राउटरला वीज आहे तोवर खेळ थांबत नाही. हॉस्टेलवाल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

मोबाइलवरच्या बीजीएमआयची सवय असलेल्यांना पहिला अर्धा तास जड जातो. इथे झाडामागे दबा धरून बसणाऱ्याचं काही खरं नाही, उड्या मारत वेग वाढवत राहावं लागतं. ब्लास्टर ही बंदूक पायाखाली झाडून भिंतीवर चढणं जमलं की मग गंमत कळते. नवख्यांबरोबर डेथमॅचने (ज्यात जो तो एकटाच सगळ्यांशी लढतो) मात्र सुरुवात करू नका, कारण ज्याला नकाशा पाठ तो सगळी शस्त्रं आणि चिलखतं उचलून बाकीच्यांना धुतो. क्लॅन एरिना हा प्रकार लावा. त्यात सगळ्यांना सगळी शस्त्रं सुरुवातीलाच मिळतात आणि स्वतःच्या रॉकेटने स्वतःच मरायची भीतीही नसते.