लष्करातला दत्त सप्ताह आणि दादाची गोष्ट

झेलम ग्वाल्हेरला पोचली तेव्हा अंधार पडत आला होता. डब्यातून उतरल्या उतरल्या दादाने मफलर कानांवर ओढला. इतकी वर्षं अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला काढलेला माणूस, पण ही थंडी हाडांत शिरते म्हणाला. मावशीचा वाडा ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात. दत्तजयंतीला चार दिवस होते आणि मागच्या मंदिरात सप्ताह सुरू होता. रजईत पाय घालून चहा पीत असताना भिंतीपलीकडून टाळ ऐकू येत होते.

दादाला इथे मीच ओढून आणलं. हे सगळं त्याला विचारूनच लिहितेय.

वहिनी गेल्यानंतर तो मिटूनच गेला होता. गोळ्या झाल्या, डॉक्टर बदलून झाले. शेवटी त्याने ओरेगनमधल्या एका परवानाधारक केंद्रात जाऊन सायलोसायबिन घेतलं. सायलोसायबिन म्हणजे काही विशिष्ट मशरूममध्ये असणारं, मनाची कवाडं काही तास सताड उघडणारं द्रव्य. ओरेगनच्या मतदारांनी 2020 साली त्याला कौल दिला आणि 2023 पासून तिथे 21 वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला प्रशिक्षित मदतनिसाच्या देखरेखीखाली ते घेता येतं. आधी तयारीची बैठक सक्तीची. मग प्रत्यक्ष दिवस. नंतरची, म्हणजे जे अनुभवलं ते बोलून मनात मुरवायची बैठक मात्र ऐच्छिक. दादाने ती घेतली नाही. ‘ऐच्छिक’ या शब्दाशी मी अजून अडकलेय.

दुसऱ्या दिवशी आम्ही हजिऱ्याला तानसेनच्या समाधीवर गेलो. सूफी संत महंमद गौसचा भव्य मकबरा, त्याच्या दगडी जाळ्यांतून येणारं कोवळं ऊन, आणि शेजारी तानसेनची साधीशी कबर. चिंचेच्या झाडाची पानं खाल्ली की गळा गोड होतो, अशी गाणाऱ्यांची समजूत. दरवर्षी डिसेंबरातला तानसेन समारोह इथे सुरू होतो तो सनई, हरिकथा आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गायन, यांनी. एकाच आवारात दोन्ही. मला ते फार आवडतं.

तिथल्या ओट्यावर दादा पहिल्यांदा नीट बोलला. डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, जवळपास सहा तास. त्याला आई दिसली. आमची आई तो आठवीत असताना गेली. तिच्या नऊवारीचा वास आला म्हणाला. संध्याकाळी मित्राने गाडीने घरी सोडलं आणि तोही गेला. दोन आठवडे अंग पिसासारखं हलकं. मग पुन्हा तेच रिकामं घर. “सांगणार कोणाला? ऑफिसात डबा खाताना?”

मला तरी कुठे सांगता आलं असतं त्याला? फोनवर मी काय विचारलं होतं, तर उलटी झाली का, डोकं दुखलं का.

ज्यांच्याकडून हे मशरूम जगाला कळले त्यांची रीत अगदी वेगळी होती. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातलं वाउत्ला गाव, तिथली मारिया साबिना ही माझातेक या आदिवासी समाजातली उपचारक. आजाऱ्यासाठी रात्र जागवायची, घरातली माणसं भोवती बसायची, मशरूम जोडीने खायचे आणि ती पहाटेपर्यंत गात राहायची. 1955 साली गॉर्डन वॉसन हा अमेरिकन बँकर तिच्याकडे गेला. मुलाची काळजी वाटते, असं निमित्त त्याने सांगितलं. 1957 मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकात त्याचा लेख आला आणि गावात परक्यांची रीघ लागली. गावाने दोष दिला साबिनाला. तिचं घर जाळलं गेलं. द्रव्य जगभर गेलं, गाणं आणि भोवतीची माणसं तिथेच राहिली. 2006 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संशोधक रोलंड ग्रिफिथ्स यांनी सायलोसायबिनमुळे येणाऱ्या गूढ अनुभवांवर गाजलेला अभ्यास केला, तेव्हा आधीची तयारी आणि शेजारी बसणारं माणूस त्यांनीही ठेवलं होतंच. पण घरी परतल्यावर शेजारी कोण?

इथे कोणी ‘आपल्याकडे सोम होताच’ म्हणून टाळ्या पिटू नयेत. वेदांतला सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. आणि कोणी घरी प्रयोग करून बघू नयेत, हे हात जोडून सांगते. भारतात सायलोसायबिन 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं. शिवाय स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्यांना, घरात कोणाला तो आजार असलेल्यांनाही, परदेशातल्या चाचण्यांत सहसा घेतच नाहीत, इतका धोका त्यात आहे.

गुरुवारी रात्री भजनाला गेलो. वीस-पंचवीस माणसं, सतरंजीवर मांडीला मांडी लावून. दादा खांबाला टेकून बसला होता. शेजारच्या काकांनी काही न विचारता त्याच्या हातात टाळ दिले. दोरी जुनी, तेलकट, मधे एक गाठ मारलेली. दादाला ठेका सापडेना. काका त्याच्याकडे न बघता स्वतःचे टाळ जरा मोठ्याने वाजवू लागले, एवढंच. तिसऱ्या अभंगाला त्याचा हात बसला. कपाळावर बुक्का, तळहातावर सुंठवडा. माणसं पांगली, तरी आम्ही तिघं बसून राहिलो. काय झालं कोण जाणे, दादाने काकांना सगळं सांगितलं. पोर्टलंड, पट्टी, नऊवारीचा वास.

काका टाळांची दोरी गुंडाळत होते. त्यांनी एकच विचारलं.

“मग, आई काय म्हणाली?”

दादा बराच वेळ गप्प. “काही नाही. पदराने माझं तोंड पुसलं. लहानपणी पुसायची तसं, खसाखसा.”

“तिचा हात तसाच होता,” काका म्हणाले. आई याच वाड्यात वाढली, हे मी विसरूनच गेले होते. “सप्ताहाला या समया तीच घासायची. तिच्यासारख्या नंतर कोणी लखलखवल्या नाहीत.”

सकाळी उठून बघते तर मावशीने दादाला अंगणात बसवलेलं. समोर पाच समया, वाटीत भिजवलेली चिंच आणि राख. कोपरापर्यंत हात काळे करून तो घासत होता, खसाखसा.