छोट्या विषयाच्या संकेतस्थळाने कोणाच्या आवाजात बोलावे?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड किंवा दिंडोरीतला द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा रोगाविषयी मोबाइलवर शोध घेतो, तेव्हा त्याला चकचकीत मुखपृष्ठ आणि ‘आम्ही कटिबद्ध आहोत’ अशी वाक्ये नको असतात. सल्ला देणाऱ्याची स्वतःची बाग आहे का, ती कोणत्या जमिनीत आहे, पावसाची झड लागल्यावर त्याने कोणती फवारणी केली आणि ती लागू पडली का, हे त्याला हवे असते. म्हणूनच एका विषयाला वाहिलेले संकेतस्थळ लिहिणाऱ्याने स्वतःच्या नावाने चालवावे, असे माझे मत आहे. गूगलनेही डिसेंबर २०२२ मध्ये शोधनिकालांच्या गुणवत्ता-मूल्यांकनासाठीच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्यक्ष अनुभवाचा निकष जोडला. (एकट्याने सारे सांभाळून ‘आमचा चमू’ लिहिणारे महाभाग मात्र नाशकात आजही भेटतात.)

पैसे स्वीकारणाऱ्या पानावर आपलेपणा पुरत नाही; तेथे पत्ता, दूरध्वनी आणि परताव्याचे नियम काटेकोरपणे दिलेले असावेत. निर्यातीच्या द्राक्षांतील कीटकनाशकांच्या अंशमर्यादेसारखी माहितीही केवळ अनुभवावर सोडता येत नाही. तिचा अधिकृत आधार आणि ती अद्ययावत केल्याची तारीख द्यावीच लागते.