लाल की नारिंगी

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी एक डोळा मिटून, दुसऱ्यासमोर भिंग धरून रेझिस्टरवरचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या इवल्याशा भागावरचा, तिसरा रंगीत पट्टा बघतोय; त्याची किंमत अशा पट्ट्यांतच लिहिलेली असते. लाल आहे की नारिंगी? पिवळ्या बल्बच्या उजेडात दोन्ही सारखेच दिसतात, त्यात रेझिस्टरच्या अंगाचा रंग निळा असेल तर बघायलाच नको. निळा-राखाडी-नारिंगी म्हणजे ६८ के (किलो-ओहम), निळा-राखाडी-लाल म्हणजे ६.८ के, एवढ्याशा रंगात आकडा दहापटीने बदलतो.

करायचं काय होतं तर एक एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकवायचा. बस्स. त्याचा उपयोग काय असं घरात विचारून झालंय, मी ऐकू न आल्यासारखं केलं.

त्यासाठी ५५५ आयसी, म्हणजे टायमरची चिप. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये डिझाइन केली, अजून तशीच चालते, आठ पायांची. आत ५ के चे तीन रेझिस्टर म्हणून नाव ५५५, असं आपण सगळेच एकमेकांना सांगत आलोय, पण खुद्द कामेनझिंडच म्हणाले होते की नावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मला मात्र खोटी गोष्टच जास्त आवडते. तर बाहेरचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) हळूहळू चार्ज होतो, सप्लायच्या दोन तृतीयांश व्होल्टेजला पोचला की आयसी त्याला रिकामा करायला लागते, एक तृतीयांशावर आला की परत चार्जिंग सुरू, भरा आणि सांडा एवढाच खेळ आहे सगळा. १० के आणि ६८ के चे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की बरोब्बर साधारण एक सेकंद येतो.

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट नुसते खोचायचा बोर्ड) आलाही होता. कसला शांत लुकलुकत होता! मग मला हुक्की आली की नीट सोल्डर करून पक्कं करूया, आणि ब्रेडबोर्डवरचे पार्ट काढायचा कंटाळा म्हणून डब्यातून दुसरे घेतले. झालं. आता एलईडी सेकंदाला सहा वेळा फडफडतोय, एखाद्याने डोळ्यात धूळ गेल्यावर मिचकवावेत तसा.

आधी आयसीवर संशय घेतला (नेहमी निर्दोष असते, तरी पहिला संशय तिच्यावरच), मग ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न बसलेला जोड, असेल म्हणून आठही पाय परत तापवले, फ्लक्सचा धूर नाकात गेला, मग कपॅसिटर बदलला, फरक शून्य. मल्टिमीटरने रेझिस्टर मोजला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं, बोर्डवर असताना बाकीचं सर्किटही आकड्यात घुसतं म्हणून एक पाय उचलावा लागतो एवढंच. पण मल्टिमीटर बंद होता, कारण त्याचीच ९ व्होल्टची बॅटरी मी या सर्किटला लावली होती, आणि हे मला एका तासाने आठवलं. तोवर भिंगच.

लालच निघाला.

काढताना आयर्न जरा जास्त वेळ टेकलं आणि रेझिस्टरबरोबर तांब्याचा पॅडही उखडून आला. मग मागून वायरचा तुकडा जोडला, तो लपवायला बोर्ड उलटा ठेवता येत नाही कारण एलईडी पुढे आहे. असो. लुकलुकला, सेकंदाला एकदा. मी पाचेक मिनिटं नुसता बघत बसलो, मग मल्टिमीटरची बॅटरी मल्टिमीटरला परत दिली, पसारा आवरला आणि काढलेला ६.८ चा रेझिस्टर परत त्याच डब्यात टाकला.